घराचा आणि बाल्कनीतल्या बागेचा आराखडा : नवशिक्याने सॉफ्टवेअर कसे निवडावे

मुंबईतल्या घरात तीन इंचांनीसुद्धा बरेच काही बिघडते. कपाट दारामागे बसेल की दार त्यावर आपटेल, फ्रीज पूर्ण उघडेल की ओट्याला अडेल, सोफा-कम-बेड पसरल्यावर बाल्कनीकडे जायला वाट उरेल की नाही, हे प्रश्न सुंदर चित्राने सुटत नाहीत. त्यांना माप लागते. म्हणून घराचा किंवा बाल्कनीतल्या बागेचा आराखडा स्वतः करून पाहण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना जाहिरातीतल्या चकचकीत दिवाणखान्याकडे लक्ष न देता, त्यात काढलेल्या नकाशावर विसंबून सुताराला प्लायवूड कापायला सांगता येईल का, एवढाच प्रश्न आधी विचारावा. ज्यांना केवळ भिंतींचा रंग किंवा पडद्यांची छटा ठरवायची आहे त्यांनी या खटपटीत पडण्याचे कारण नाही. रंग तयार करणाऱ्या कंपन्यांच्या मोफत साधनांवर आपल्या खोलीचा फोटो चढवून त्यांचे काम भागते.

आधी मापे, मग सॉफ्टवेअर

कोणताही प्रोग्रॅम उतरवून घेण्यापूर्वी घराचा कच्चा नकाशा कागदावर काढून त्यावर मापे लिहावीत. विक्री करारासोबत जोडलेला नकाशा असेल तर तो काढून ठेवावा. नव्या इमारतींच्या बाबतीत महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत चटईक्षेत्राचे आकडे मिळतात. मात्र हा कागद आधारापुरता धरावा, त्यातली मापे जशीच्या तशी उतरवू नयेत. मंजूर नकाशातली भिंत आणि प्रत्यक्षातली भिंत यांच्यात गिलाव्याचा थर असतो, स्नानगृहात टाइल्सची जाडी असते आणि पूर्वीच्या मालकाने केलेले फेरफार असतात. जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलण्यापूर्वी मुंबईत बांधलेल्या अनेक इमारतींच्या नकाशांत खिडकीबाहेर ‘फ्लॉवर बेड’ दाखवलेला दिसतो. त्यातले कित्येक पुढे खोलीतच सामावून घेतले गेले, त्यामुळे कागदावर जिथे खोली संपते तिथे ती प्रत्यक्षात संपत नाही.

मोजताना खोलीच्या चारही बाजू तर घ्याव्यातच, पण दोन्ही कर्णही मोजावेत. आयताकृती दिसणाऱ्या खोलीचे कर्ण सारखे भरले नाहीत, तर ती काटकोनात नाही हे लगेच कळते. जुन्या चाळींमध्ये आणि पागडीच्या घरांमध्ये हे इतके सर्रास आढळते की कर्ण न मोजता काढलेला नकाशा बिनकामाचा समजावा. कोपऱ्यातून आत आलेले कॉलम, छताखाली उतरलेले बीम, खिडकीच्या सिलची जमिनीपासूनची उंची, दार कोणत्या बाजूला उघडते, गॅसची पाइपलाइन आणि पाण्याचे नळ कुठे आहेत, विजेचे बोर्ड किती उंचीवर आहेत, हे सगळे त्याच कागदावर नोंदवावे. लेझर मीटर असेल तर उत्तमच, पण १६ फुटी पोलादी टेप आणि टोक धरायला घरातले कोणीतरी एवढ्यावरही काम होते. फरशी दोन फूट बाय दोन फुटांची असेल तर फरश्या मोजून टेपचा आकडा पडताळता येतो, आणि या पडताळणीत ‘१०’च्या जागी ‘११’ लिहिल्याच्या चुका सापडतात.

आपले काम कोणते, हे स्वतःला सांगावे

नवशिके बहुधा ‘सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते’ असे विचारतात आणि त्याचे उत्तर म्हणून त्यांना ऑटोकॅड, ब्लेंडर यांसारख्या व्यावसायिक प्रोग्रॅमांची नावे ऐकायला मिळतात. ही साधने वाईट नाहीत. ऑटोकॅड १९८२पासून बाजारात आहे आणि मुंबईतल्या बहुतेक वास्तुविशारदांच्या कार्यालयांत आजही त्याचाच वावर आहे. पण एक बेडरूम आणि एक ओटा यांची मांडणी ठरवण्यासाठी ते शिकायला बसणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे होय. साध्या गृहरचनेच्या प्रोग्रॅममध्ये भिंत काढली की ती भिंत म्हणूनच ओळखली जाते, तिच्यावर दार ओढून ठेवले की तेवढी फट आपोआप पडते, आणि वरून दिसणाऱ्या नकाशात केलेला बदल लगेच त्रिमितीत दिसतो. नवशिक्याला हवे असते ते हे. कोऱ्या पडद्यावर रेषा ओढून सगळे उभे करायचे बळ अंगात यायला वेळ लागतो.

कामाचे ढोबळ तीन प्रकार पडतात: असलेल्या खोलीत सामान लावून पाहणे, ओटा किंवा कपाटासारखी एखादी वस्तू बारकाईने ठरवणे, आणि बाल्कनी, गच्ची किंवा गावाकडच्या अंगणात झाडे लावण्यापूर्वी ऊन आणि जागा पाहणे. तिन्हींना एकच साधन पुरेलच असे नाही.

एका संध्याकाळची परीक्षा

निवड परीक्षणे वाचून करू नये. घरातली सर्वांत अडचणीची खोली, म्हणजे बहुधा स्वयंपाकघर, त्या प्रोग्रॅममध्ये काढून पाहावी. दिवाणखाना घेऊ नये, कारण मोकळ्या चौकोनी खोलीत कोणताही प्रोग्रॅम हुशार दिसतो. स्वयंपाकघर काढताना पहिली गोष्ट पाहावी ती एककांची. आपल्याकडे घराची मापे फूट-इंचांत, टाइल्स आणि प्लायवूडची जाडी मिलिमीटरमध्ये, आणि सुताराचे बोलणे सुतात चालते. एक इंचाचे आठ सूत असतात. प्रोग्रॅममध्ये एकके बदलता यायला हवीत आणि इंचाचे अपूर्णांक लिहिता यायला हवेत. नऊ फूट साडेचार इंच लिहिल्यावर जो प्रोग्रॅम ते गुपचूप पूर्णांकात ओढतो, तो तिथेच बंद करावा.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची. जुन्या वीटकामाच्या इमारतींत बाहेरची भिंत साधारण नऊ इंची आणि आतली साडेचार इंची असते, तर नव्या टॉवरांत काँक्रीटच्या पातळ भिंती दिसतात. प्रत्येक भिंतीला वेगळी जाडी देता आली नाही, तर बाहेरून मोजलेले आणि आतून मोजलेले आकडे कधीच जुळणार नाहीत. तिसरी गोष्ट अशी, की भिंत ओढताना तिची लांबी कीबोर्डवरून आकड्यात टाकता आली पाहिजे. माऊस हलवत हलवत ‘जवळपास’ आणणे हा वेळेचा अपव्यय आहे. चौथी, कॅटलॉगमधल्या वस्तूचा आकार बदलता आला पाहिजे. हा मुद्दा भारतीय वापरणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण परदेशी कॅटलॉगांत क्वीन आकाराचा पलंग ६० बाय ८० इंचांचा असतो, तर आपल्याकडे ६० बाय ७८ इंचांची गादी सर्रास मिळते. देवघर, दिवाण, गाद्या ठेवण्याचा माळा, मिक्सरसाठीचा कट्टा या वस्तू तर त्यांच्या गावीही नसतात. त्यांच्या जागी एक साधा ठोकळा ठेवून त्याला लांबी, रुंदी, उंची देता आली की पुरते.

आपण काढलेल्या खोल्यांचे क्षेत्रफळ बहुतेक प्रोग्रॅम आपणहून दाखवतात आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार चटईक्षेत्रात घराच्या आतल्या विभाजक भिंतींनी व्यापलेली जागा धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, खाजगी बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. त्यामुळे सगळ्या खोल्यांची बेरीज करारातल्या आकड्यापेक्षा थोडी कमी भरली, तर लगेच बिल्डरला नोटीस पाठवायची गरज नाही. आतल्या भिंतींची जागा मिळवून मग तुलना करावी. करारातला आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर त्याला १०.७६४ने गुणले की चौरस फूट मिळतात.

कोणते साधन कशासाठी

या परीक्षेला सर्वांत चांगले उतरणारे मोफत साधन माझ्या मते स्वीट होम थ्रीडी हे आहे. ते मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना काम करता येते. त्याचा पडदा चार भागांत विभागलेला असतो: वस्तूंचा कॅटलॉग, घेतलेल्या वस्तूंची यादी, वरून दिसणारा नकाशा आणि त्रिमितीतले दृश्य. करारातल्या नकाशाचा फोटो पार्श्वभूमी म्हणून आत घेता येतो. त्यावरच्या एखाद्या ओळखीच्या रेषेची खरी लांबी सांगितली की बाकीचे प्रमाण प्रोग्रॅम स्वतः बसवतो. भिंत ओढता ओढता एन्टर दाबले की लांबी, कोन आणि जाडी आकड्यांत टाकता येतात. त्याची चित्रे इतरांच्या मानाने साधी दिसतात, कॅटलॉगही सुरुवातीला तोकडा वाटतो, पण सुताराला चित्र द्यायचे नसून माप द्यायचे असते, हे लक्षात घेतले की ही उणीव खुपत नाही. अ‍ॅपच्या दुकानांत याच नावाची सशुल्क आवृत्तीही आढळते. मोफत आवृत्ती हवी असेल तर ती मूळ संकेतस्थळावरून घ्यावी.

स्केचअपचा स्वभाव वेगळा आहे. २००६मध्ये गूगलने आणि २०१२मध्ये ट्रिंबल कंपनीने ते घेतले. आज त्याची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे खाते आणि इंटरनेट दोन्ही लागते, आणि ती वैयक्तिक वापरापुरतीच आहे. त्यात भिंत, दार असे तयार काही नसते; एक चौकोन काढायचा आणि त्याला ओढून घन करायचे. ओट्याखालचे ड्रॉवर, लॉफ्टची कपाटे, जिन्याखालची जागा, उतार असलेले अंगण, अशा बारीक किंवा वाकड्यातिकड्या कामासाठी याच्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही. मात्र काढलेल्या प्रत्येक वस्तूचा गट वेळच्या वेळी बांधला नाही तर एक वस्तू हलवताना शेजारची ताणली जाते आणि नवशिका वैतागून सोडून देतो. म्हणून संपूर्ण घर स्वीट होम थ्रीडीत आणि फक्त ओटा स्केचअपमध्ये, अशी वाटणी मी सुचवेन.

फ्लोअरप्लॅनर, प्लॅनर फाइव्ह-डी, होमस्टायलर ही ब्राउझरमधली साधने हाताळायला सर्वांत सोपी असून त्यांची चित्रे देखणी असतात. त्यांच्या मोफत स्तरावर चित्रांचा दर्जा किंवा वस्तूंची निवड मर्यादित असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘हे असे दिसेल’ एवढे दाखवण्यासाठी ती पुरेशी आहेत. आयकियासारख्या दुकानांच्या नियोजकांत त्या दुकानाचीच कपाटे मांडता येतात; खरेदी तिथेच करायची ठरली असेल तरच त्यांवर वेळ घालवावा. ज्यांच्याकडे लायडार संवेदक (लेझरने अंतर मोजणारा भाग) असलेला आयफोन प्रो आहे त्यांना खोलीभर फोन फिरवून नकाशा मिळवता येतो. पण सामानाने भरलेल्या खोलीत फोनला भिंतीचा कोपरा दिसतच नाही आणि तो कपाटाच्या पृष्ठभागालाच भिंत समजू शकतो. असा नकाशा सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावा आणि टेपने दुरुस्त करावा.

एक इशारा इथेच देणे योग्य. कोणत्याही प्रोग्रॅममध्ये भिंत निवडून डिलीट दाबली की ती नाहीशी होते. ती भार पेलणारी आहे का, तिच्यात बीम लपला आहे का, पलीकडे शेजाऱ्याची पाइपलाइन आहे का, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. भिंत पाडण्याचा विचार आराखड्यातच असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला हे दोन्ही कंत्राटदार बोलावण्याआधी घ्यावेत.

बाग : फुलांआधी ऊन

बागेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांपैकी बरेच युरोप-अमेरिकेतल्या हवामानावर बेतलेले असतात. पेरणीच्या तारखा ते दंव कधी गोठते त्यावरून काढतात आणि मुंबईत दंव गोठतच नाही. कॅटलॉगमध्ये मेपल आणि ट्युलिप सापडतात, पण सोनचाफा, अनंत, कढीपत्ता, गवती चहा शोधूनही मिळत नाहीत. तेव्हा झाडांच्या चित्रांचा नाद सोडावा. प्रत्येक झाडासाठी त्याच्या पूर्ण वाढीच्या पसाऱ्याएवढे वर्तुळ काढावे आणि त्यात नाव लिहावे, म्हणजे अलिबाग-कर्जतकडच्या अंगणात नारळाची रोपे लावताना साडेसात मीटरचे अंतर खरोखर उरते का, हे कागदावरच कळते. आंब्याच्या पारंपरिक लागवडीला तर दहा मीटर लागतात.

सॉफ्टवेअरचा बागेसाठी खरा उपयोग आहे तो उन्हाचा हिशेब करण्यासाठी. म्हणून निवडताना दोनच गोष्टी तपासाव्यात: उत्तर दिशा आणि ठिकाण सांगता येते का, आणि तारीख-वेळ देऊन सावली पाहता येते का. स्वीट होम थ्रीडीमध्ये नकाशावरच्या होकायंत्रावर दोनदा क्लिक केले की अक्षांश, रेखांश आणि उत्तर दिशा भरता येते, आणि फोटो तयार करताना तारीख-वेळ देता येते. मुंबईसाठी अक्षांश साधारण १९.०७ उत्तर आणि रेखांश ७२.८८ पूर्व असे भरावेत. ते न भरल्यास सावली भलत्याच शहराची पडते. वेळक्षेत्र भारतीय प्रमाणवेळेचे ठेवावे. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली असल्याने मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर वर्षभराच्या सरासरीने साधारण १२ वाजून ३८ मिनिटांनी.

भरलेली माहिती बरोबर आहे की नाही हे पाहण्याची एक युक्ती आहे. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोन दिवस शून्य सावलीचे येतात. प्रोग्रॅममध्ये १५ मे आणि दुपारचे १२ वाजून ३५ मिनिटे द्यावीत; उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी झाली तर सेटिंग बरोबर आहे, लांब पडली तर काहीतरी चुकले आहे.

त्यानंतर समोरच्या इमारती साध्या ठोकळ्यांनी उभ्या कराव्यात. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर दहा मजल्यांची इमारत तीस मीटर होते, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात, सूर्य मध्यान्हालाही क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवरच असताना, तिची सावली उत्तरेला सुमारे २७ मीटर पसरते. मधे एखादा अरुंद रस्ता असेल तर पलीकडची खालच्या मजल्यावरची बाल्कनी हिवाळाभर दुपारी त्या सावलीत राहते. उलट दक्षिणेला काहीच आड येत नसेल तर त्याच बाल्कनीत हिवाळ्यात ऊन पार आतपर्यंत येते आणि मे महिन्यात कठड्यालाच अडते. उत्तरेकडच्या खिडकीला मे ते जुलै या काळात सूर्य दिसतो खरा, पण त्यातला बराचसा काळ ढगांखाली जातो. पश्चिमेकडे दुपारनंतरचे कडक ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी झड, दोन्ही सोसावे लागते. पावसाची ही दिशा कोणताही साधा प्रोग्रॅम दाखवत नाही, ती आपणच नकाशावर बाणाने काढावी. तारखा आणि वेळा बदलून रोज किती तास थेट ऊन येते हे पाहिले की मोगरा, जास्वंद, तुळस कुठे ठेवायची आणि मनी प्लांटवर कुठे समाधान मानायचे, ते ठरवता येते.

प्रोग्रॅम वजनाविषयीही काही बोलत नाही. तीन फूट लांब आणि एक फूट रुंद-खोल अशी आयताकृती कुंडी साध्या मातीने भरून पाणी घातले की तिचे वजन दीडशे किलोच्या आसपास जाते, आणि पडद्यावर अशा सहा कुंड्या एका रांगेत ठेवायला सहा क्लिक लागतात. जुन्या इमारतीच्या बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये मांडणी ठरवताना प्रत्येक कुंडीच्या नोंदीत अंदाजे वजन लिहून बेरीज करावी, कोकोपीटसारखे हलके मिश्रण वापरावे, आणि जड कुंड्या कठड्याच्या कडेला न ठेवता खोलीच्या भिंतीलगत ठेवाव्यात. ग्रिलवर कुंड्यांची रांग लावूच नये असे मला वाटते, मग आराखड्यात ती कितीही शोभून दिसो.

पैसे आणि फाइल

सशुल्क साधन घेण्यापूर्वी ते एकरकमी आहे की वर्गणीचे, हे पाहावे. फोनवरच्या काही अ‍ॅपची वर्गणी आठवड्याची असते आणि वरवर किरकोळ वाटते. घर एकदाच लावायचे असेल तर महिन्याभराची वर्गणी घेऊन त्याच दिवशी पुढचे नूतनीकरण बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून होणाऱ्या अशा आवर्ती वसुलीची सूचना २४ तास आधी यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो एसएमएस न वाचता पुसला तर पैसे जातात. वर्गणी संपल्यावर आपली फाइल उघडता येईल का, हेही आधीच शोधावे. मोफत असो वा सशुल्क, मापांसह प्रमाणबद्ध पीडीएफ काढता येत नसेल तर ते साधन घेऊ नये.

छपाईसाठी ए-फोर कागद लहान पडतो. झेरॉक्सच्या मोठ्या दुकानांत ए-थ्री सहज मिळतो आणि एक खोली त्यावर १:२५ प्रमाणात व्यवस्थित मावते. ‘पानाला बसवा’ हा छपाईचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर प्रमाण बिघडते. छापून आल्यावर एका भिंतीवर पट्टी ठेवून ते तपासावे. कपाटांची मापे देताना प्लायवूडची १८ मिलिमीटर जाडी आणि वरचा सनमायका धरला आहे की नाही, हे कागदावर स्पष्ट लिहावे, तारीख घालावी आणि जुनी प्रत फाडून टाकावी. प्लायवूड कापण्याआधी सुताराला स्वतःच्या टेपने पुन्हा मोजायला सांगावे, आणि त्याचा आकडा वेगळा आला तर दोघांनी मिळून तिथेच तिसऱ्यांदा मोजून, फाइलमध्ये दुरुस्ती करून, नवी प्रत त्याच्या हातात द्यावी.